मंगळवार, नऊ वाजून वीस मिनिटे

मंगळवार, ता. ४

लिफ्ट पुन्हा बंद. दंतवैद्याकडून आम्ही दोघं परत आलो तेव्हा नऊ वाजून सतरा मिनिटं झाली होती आणि नळ दुरुस्त करणारा साडेनऊला यायचा होता. चार मजले चढायला फार तर सहा मिनिटं. पण दुसऱ्या मजल्यावर हे थांबले. नऊ वीस. जिन्याच्या वळणावर इमारतीचा सूचनाफलक आहे, त्याच्यासमोर कठडा धरून उभे. मी वरून हाक मारली, "अहो, महिनाभर तीच नोटीस लागलीय. पाठ करताय का?"

"टाकी कधी धुणार ते बघतोय," म्हणाले.

टाकी धुऊन पंधरा दिवस झाले. वर पोचायला नऊ पस्तीस झाले. नळवाला बेल वाजवून निघून गेला होता. आता दिवसभर मोरीत टप टप चाललंय, आणि माझ्या डोक्यातही.

नकाशे काढण्यात जन्म गेलेल्या माणसाला मिलिमीटर कळतो, मिनिट कळत नाही. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली, शेवटची चौदा सुपरवायझर म्हणून. परगावच्या प्रत्येक कॉलचं एक तिकीट असायचं. सुरू किती वाजता, संपला किती वाजता. तीन मिनिटं झाली की लाइनवर जाऊन सांगायचं. आई मेलेली असो की मूल झालेलं, तीन मिनिटांत सांगून होत नाही असं जगात काही नसतं.

संध्याकाळी वन्संचा फोन. सत्तरी आली तरी 'दादा कुठाय, दादाला दे' सुटत नाही. दोन मिनिटं पन्नास सेकंद. मग मीच म्हटलं, "वन्सं, ठेवते, गॅसवर भाजी आहे."

गुरुवार, ता. ६

हे पेपर आणायला खालच्या दुकानात गेले ते अर्ध्या तासानं उगवले. चेहरा चोरट्यासारखा. विचारलं तर म्हणाले, "दुकानदाराशी बोलत होतो." दुकानदाराशी बोलण्यासारखं आहे काय? सोडलेली सिगारेट पुन्हा धरली असणार. शर्टाचा वास घेतला. काही नाही. म्हणजे लपवायलाही शिकले.

नळवाल्याला फोन केला. आता म्हणे सोमवारी. "सोमवारी नक्की, बाई." त्याच्या 'नक्की'ला काय किंमत आहे ते मला ठाऊक आहे. यांच्यावर दिवसभर धुसफुसत होते. टोमणे मारले तेही खरं. हे दोनदा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले आणि परत गेले.

शनिवार, ता. ८. हॉस्पिटलच्या बाकावर

क्रमानं लिहिते.

सकाळी सहाला हे उठून बसले. छातीवर हात, कपाळावर घाम, तोंडाचा रंग उडालेला. सहा दहाला गाडी बोलावली. सहा पन्नासला हॉस्पिटलच्या दारात. सातला ईसीजी. या सगळ्यात माझं एकही मिनिट वाया गेलं नाही, हे मी लिहून ठेवते.

चष्मा लावलेला एक तरुण डॉक्टर आला. बोलायला नीट. मला समोर बसवून म्हणाला, "काकू, हार्ट अटॅक दोन तऱ्हेचे असतात. एकात रक्ताची नळी पूर्ण बंद होते. त्या माणसाला दारातून थेट आत न्यायचं, तिथं मिनिटांचा खेळ. दुसऱ्यात नळी अरुंद झालेली असते, पण थोडं रक्त जात असतं. काकांचा हा दुसरा आहे. अँजिओग्राफी करायची, गरज पडली तर स्टेंट टाकायचा, हे ठरलेलं. प्रश्न एवढाच, की कधी."

"लवकर केलेलं चांगलं, यात प्रश्न कसला?"

"सगळ्यांच्या बाबतीत तसं नसतं. काहींना आजच्या आज घ्यावं लागतं. काहींना औषधावर ठेवून दोन-तीन दिवसांनी घेतलं तरी चालतं. ईसीजी, रक्ताचा रिपोर्ट आणि तुम्ही सांगाल ते, या तिन्हींवरून आम्ही ठरवतो." मग यांच्याकडे वळून म्हणाला, "काका, पहिली कळ कधी आली? या आठवड्यात आधी कधी? पुन्हा पुन्हा येते का?"

हे म्हणाले, "तसं बघायला गेलं तर..."

यांचं वाक्य स्टेशनातून सुटायलाच दोन मिनिटं लागतात. मी सांगितलं, "आज सकाळी सहा. एकदाच. त्याआधी कधीच नाही. माझ्याकडे रोजची नोंद असते."

डॉक्टरने लिहून घेतलं.

तेवढ्यात वन्सं धापा टाकत आल्या. कोणी बोलावलं देव जाणे. आल्या आल्या डॉक्टरचा हात धरला. "डॉक्टर, दादाला मंगळवारपासून..."

"वन्सं," मी म्हटलं, "तुम्ही आमच्या घरात राहत नाही. माहिती मी दिलेली आहे. त्यांचा वेळ खाऊ नका."

"वहिनी, अगं पण त्यानं मला..."

हे पडल्या पडल्या हातानंच वन्संना म्हणाले, असू दे. चाळीस वर्षांत पहिल्यांदा बहिणीला गप्प करायचं काम त्यांनी स्वतः केलं. बरं वाटलं.

रक्ताचा रिपोर्ट थोडासाच वाढलेला आला. ईसीजीत फार काही नाही. अकराला मोठे डॉक्टर येऊन गेले. शनिवार-रविवार इथं ठरलेली कामं होत नाहीत, तातडीचं काही असेल तरच मंडळींना घरून बोलावतात. यांना धोका कमी, तेव्हा सोमवारी नऊ वाजता, यादीत पहिला नंबर. यादी मी भिंतीवर स्वतः पाहिली. पहिला म्हणजे पहिलाच.

चष्मेवाला जाताना म्हणाला, "काका, पुन्हा दुखलं, अगदी बारीक दुखलं तरी ही घंटी दाबायची. मग आमचा सगळा विचार बदलतो."

तो गेल्यावर मी यांना नीट समजावलं. एक्स्चेंजमध्ये काही गिऱ्हाइकं असायची, कॉल लागेना की फोनचा खटका सारखा खटखटवायची. आमच्या बोर्डावर त्यांचा दिवा लुकलुकत राहायचा. मुली काय करायच्या? त्याचं तिकीट गठ्ठ्याच्या तळाशी. मीच शिकवलं होतं तसं. जो गप्प वाट बघतो त्याचं काम आधी होतं. यांना म्हटलं, "उठसूट घंटी वाजवू नका. त्या मुलींना तीस पेशंट आहेत. एकदा तुमचं नाव किरकिऱ्यांत गेलं की खरं दुखेल तेव्हा कोणी फिरकायचं नाही. जे काय असेल ते डॉक्टरांच्या राउंडला सांगा. वेळ लिहून ठेवा म्हणजे नीट सांगता येईल."

"बरं, सुपरवायझर," म्हणाले. आणि हसले.

शेजारच्या खाटेवर एक बसड्रायव्हर आहे. पन्नाशीचा, आडवातिडवा. त्याचाही सोमवारचाच नंबर, तिसरा. मी होते तेवढ्या वेळात त्यानं चारदा घंटी वाजवली. एकदा तर उशी सरकली म्हणून. मी बघतेय हे पाहून यांना म्हणाला, "काका, आपल्या लाइनीत एकच नियम. हॉर्न दिल्याशिवाय कोणी वाट देत नाही."

असल्यांमुळेच रांगा बिघडतात.

रविवार, ता. ९

भेटीची वेळ चार ते सहा. चारला पोचले तर ड्रायव्हरची खाट रिकामी. दुपारी बाराला त्यानं छाती धरून इतका आरडाओरडा केला की सिस्टरने ईसीजी काढला, डॉक्टरांना फोन गेले, घरून माणसं आली आणि एक वाजता त्याला आत घेऊन स्टेंट टाकून मोकळे झाले. तिसऱ्या नंबरचा माणूस, पहिल्याच्या आधी. यालाच म्हणतात बोलणाऱ्याची मातीही खपते. मी यांना म्हटलं, "बघितलंत? घसा असला की झालं."

सकाळी दहाला दुसऱ्यांदा रक्त घ्यायचं ठरलं होतं. ते माझ्यासमोर चार वाजून दहा मिनिटांनी घेतलं. विचारलं तर सिस्टर म्हणाली, "आज रविवार, काकू. लॅबमध्ये एकच माणूस." मी वाद घातला नाही. एकट्या माणसावर कामाचा किती भार पडतो ते मी जाणते.

हे आज पेपरातलं शब्दकोडं घेऊन बसले होते. पेन्सिल हातात, पण लक्ष नव्हतं. चार वीसला विचारलं, "किती वाजले गं?" सांगितलं. पाच पाचला पुन्हा तेच. मी म्हटलं, "सारखी वेळ काय विचारताय? कुठली गाडी पकडायचीय?" हे कोड्याच्या कडेला काहीतरी खरडत होते. दुसऱ्या हातानं खाटेचा गज इतका घट्ट धरलेला की बोटं पांढरी. "काय होतंय?" म्हटलं. "गॅस," म्हणाले. "मग झोपा," म्हटलं.

निघताना म्हणाले, "नळवाला उद्याच येणारे ना?"

"उद्या तुमची अँजिओग्राफी आहे. नळ कसला घेऊन बसलाय?"

"तसं नाही. एकदा झाला की बरं."

सहाला निघाले. उद्याचं सगळं तयार आहे. स्वच्छ पायजमा, टॉवेल, कागद क्रमानं लावलेली फाइल.

सोमवार, ता. १०

सहा पन्नासला हॉस्पिटलचा फोन. सात पंचवीसला पोचले. यांना आत नेलं होतं. आठ चाळीसला मोठे डॉक्टर बाहेर आले. टोपी काढून हातात धरली होती.

नऊ वाजता भिंतीवरच्या यादीत पहिलं नाव यांचंच होतं. साडेनऊला एका मुलीनं ते खोडलं.

गुरुवार, ता. २०

दहा दिवस लोक येत होते. आता थांबले.

चिरंजीव परगावाहून आले आहेत, सुट्टी काढून. आम्ही तक्रार लिहायला घेतली. माझे मुद्दे सरळ आहेत. शनिवारी सकाळी सहा पन्नासला दाखल झालेला माणूस सोमवारी नऊपर्यंत ताटकळत ठेवला. का, तर मध्ये शनिवार-रविवार. दहाचं रक्त चार दहाला घेतलं. रविवारी दुपारी सगळी टीम इमारतीत हजर होती. यांची खाट अँजिओग्राफीच्या खोलीच्या दारापासून चाळीस पावलांवर. कपडे आणायला गेले तेव्हा मोजली.

चिरंजीव म्हणाला, "आई, तू वकील व्हायला हवं होतंस. तुझ्या डायरीतली ती पानंही जोडू. मिनिटामिनिटाची नोंद आहे, घाम फुटेल त्यांना."

"जोडू," मी म्हटलं.

शनिवार, ता. २२

यांच्या सामानाची पिशवी आज उघडली. चष्म्याच्या घरात पेपरची एक पट्टी घडी करून ठेवलेली. शब्दकोड्याची कड. यांचं नकाशावरचं अक्षर, मुंगीसारखं बारीक. शिकवल्यासारखं, एकाखाली एक:

मंगळ ९.२० जिना
गुरु ८.४५ दुकान
शनि ६.०० घरी
रवि १२.१०
रवि २.३०
रवि ४.२० ही समोर
रवि ५.०५ ही समोर
सोम ६.१०

आणि तळाशी: 'राउंडला दाखवणे.'

चिरंजीव उडालाच. "आई, हा तर पुरावा! रविवारी चार वेळा कळ आली आणि एकही माणूस फिरकला नाही!" त्यानं लगेच फोटो काढले.

मी पट्टी हातात घेऊन बसले. मंगळवारचं काय ते समजेना. मग ही वही मागे उलटली.

नऊ वीस. कठडा. पाठ करताय का.

आज एवढंच.

मंगळवार, ता. २५

दारावर बसड्रायव्हर. बायकोला घेऊन आला होता. चार मजले चढून आला, वाटेत प्रत्येक मजल्यावर बसत, बायको त्याला शिव्या देत. "लिफ्ट नाही म्हणून सांगितलं तरी ऐकत नाही मेला," ती म्हणाली. "म्हणे काकांच्या घरी जायचंच."

पाणी दिलं. त्यानं पेला रिकामा करून खाली ठेवला.

"काकू, मला राहवत नाही म्हणून आलो. रविवारी मला बाहेर आणलं, दुसऱ्या खोलीत हलवेपर्यंत थोडा वेळ काकांच्या शेजारी ठेवलं, तेव्हा काका जागे होते. घामानं डबडबलेले. मी म्हटलं, काका, घंटी दाबा. तर म्हणाले, नको, सुपरवायझरचा हुकूम आहे. मला वाटलं, तिथली कोण सिस्टर-बिस्टर रागावली असेल. मी म्हटलं, कोण सुपरवायझर, नाव सांगा, मी बघतो तिला. तर हसले आणि म्हणाले, तुला नाही जमायचं बाबा, चाळीस वर्षं मला जमलं नाही."

त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं. तिला कळलं होतं.

"मी दाबणारच होतो त्यांची घंटी," तो म्हणाला. "पण पायातून नळी घातलेली म्हणून मला पाय हलवायला मनाई, आणि औषधानं झोप लागली."

मी म्हटलं, "तुमची काही चूक नाही. तुम्ही हॉर्न दिलात तेच बरोबर होतं."

तो हसला नाही.

बुधवार, ता. २६

चिरंजीवाला सगळं सांगितलं. जिन्याचं, मी दिलेल्या उत्तराचं, वन्संना तोडल्याचं, घंटीचं. त्यानं वही मागितली, शनिवारचं पान दोनदा वाचलं. तोंड त्याच्या बापासारखं झालं.

मग म्हणाला, "हे पान फाड."

"काय?"

"मंगळवारचं आणि शनिवारचं. पट्टीच्या वरच्या दोन ओळीही कापू. रविवार पुरेसा आहे. आई, त्यांच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? रक्त सहा तास उशिरा घेतलं हे खोटं आहे का? टीम हजर होती हे खोटं आहे का? तू ते पान दाखवलंस की ते सगळं तुझ्यावर ढकलून हात झटकतील."

बरोबर आहे त्याचं. झटकतील.

माझ्या हाताखाली एक मुलगी होती. हुशार, हसरी, लग्न ठरलेलं. एका तिकिटावरची वेळ तिनं खोडून चार मिनिटांनी बदलली. का, तर लाइनवर कोणाचं तरी मूल रडत होतं आणि तिला तोडवेना. मी तिला कामावरून काढलं. ती पाया पडली. मी म्हटलं, नोंद ती नोंद. आज तिची चार मिनिटं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

चिरंजीवाला म्हटलं, "पानं सगळी जातील."

"बाबांनी तुझं काही ऐकलं नसतं तर बरं झालं असतं," तो म्हणाला आणि पिशवी भरायला घेतली.

शुक्रवार, ता. २८

चौकशी समिती. लांब टेबल, तिघे डॉक्टर, एक लिहून घेणारी बाई. चष्मेवाला कोपऱ्यात उभा, नखं खात. चिरंजीव कालच गेला.

अध्यक्ष म्हणाले, "घंटी वाजवल्याची एकही नोंद नाही, बाई."

"नाही. मी मना केलं होतं."

लिहून घेणारीनं मान वर केली. मी वही उघडून शनिवारचं पान मोठ्यानं वाचलं. 'आज सकाळी सहा. एकदाच. त्याआधी कधीच नाही.' मग मंगळवारचं. मग पट्टी. आवाज कापू दिला नाही.

चष्मेवाला मध्येच म्हणाला, "मंगळवारपासून कळा येतात हे कळलं असतं तर मी शनिवारीच टीम बोलवा म्हणून भांडलो असतो." त्याचे डोळे भरले होते. पोर आहे.

मी म्हटलं, "माझी चूक मी वाचून दाखवली. आता तुमची तुम्ही वाचा. दहाचं रक्त चार दहाला. ते वेळेवर घेतलं असतं तर?"

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. चौदा वर्षं ती माझी होती.

"आम्ही कळवू," म्हणाले.

मंगळवार, ता. ९

कळवलं. एका पानाचं पत्र, त्यात अडीच ओळी कामाच्या. 'नातेवाइकांनी दिलेल्या माहितीच्या आधारे उपचारांची वेळ ठरवण्यात आली व ती योग्य होती. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' सहा तासांबद्दल एक अक्षर नाही. शनिवार-रविवारबद्दल नाही. माझी वही त्यांच्या फार उपयोगी पडली.

चिरंजीवाला फोन केला. "मी सांगितलं होतं," म्हणाला. बेचाळीस सेकंद.

संध्याकाळी वन्संचा फोन.

"वहिनी, तोडू नकोस. एकच सांगायचंय. त्या गुरुवारी दादानं मला दुकानदाराच्या फोनवरून फोन केला होता."

"कळलं ते मला."

"मी त्याला म्हटलं, आत्ताच्या आत्ता वहिनीला सांग आणि डॉक्टरकडे जा. तर म्हणाला..." त्या थांबल्या. सवयीनं थांबल्या, मी मध्ये बोलेन म्हणून.

"सांगा, वन्सं."

"म्हणाला, माझ्यामुळे तिचा नळवाला चुकला, ती आधीच चिडलीय. नळ दुरुस्त होऊ दे, मग सांगतो."

त्या रडायला लागल्या. मग यांच्या लहानपणाचं काहीतरी सांगू लागल्या. मी ऐकत राहिले. किती मिनिटं झाली ते पाहिलं नाही.

शेजारीण सांगत होती, नळवाला त्या सोमवारी आला होता. अगदी वेळेवर. दाराला कुलूप होतं.

अजून टपटपतोय.